त्या साहेबांचं निम्मं बरोबर आहे

पत्र असं आहे :

‘ताई, मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात आशा म्हणून सहा वर्षं काम करते. गेल्या पोलिओच्या फेरीत एका टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर गेले. दोन वर्षांची मुलगी दारातच खेळत होती. तिचे वडील म्हणाले, “आम्ही प्रायव्हेटमध्ये सगळी इंजेक्शनं दिलीत. तुमचे थेंब नकोत. जगात आता पोलिओ थेंबांमुळेच होतो, गूगल करून बघा.” मी काहीतरी पुटपुटले आणि खाली आले. घरी जाऊन मोबाइलवर बघितलं, तर खरंच तसं लिहिलेलं दिसलं. रात्री झोप लागली नाही. आजवर किती पोरांच्या तोंडात थेंब घातले, माझ्या दोन्ही मुलांनाही पाजले. ते चूक होतं का? आणि पोलिओ भारतातून गेला म्हणतात, मग आम्ही अजून जिने का चढतोय? पुढच्या फेरीला जायची इच्छा नाही. नाव छापू नका.’

नाव छापत नाही. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. एकतीस वर्षं मीही पालिकेच्या दवाखान्यांतून नर्स म्हणून राबले आहे. तो निळा डबा खांद्याला लावून कितीदा जिने चढले याचा हिशेब माझ्या गुडघ्यांकडे आहे.

आधी तुझ्या झोपेचं बघू. तू काही चूक केलेलं नाहीस. तुझ्या मुलांना थेंब पाजलेस ते उत्तम केलंस. आता त्या साहेबांचं. ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी निम्मंच वाचलं आणि तू दारात येण्याआधीच मत पक्कं केलं. तू पुटपुटलीस, कारण आपल्या प्रशिक्षणात हा भाग दोन मिनिटांत उरकतात. ‘लस सुरक्षित आहे’ एवढं सांगून चहा येतो. तो भाग आज नीट बघू.

थेंबांमध्ये पोलिओचा विषाणू जिवंत असतो, पण दमवलेला. तो मुलाच्या आतड्यात जातो, तिथे थोडे दिवस वाढतो, शरीर त्याला ओळखून तयारी करतं, आणि मग तो शीवाटे बाहेर पडतो. वस्तीत उघडी गटारं असतील तर शेजारच्या पोराच्या पोटातही जातो आणि त्यालाही फुकटात थोडी लस मिळते. हा थेंबांचा मोठा गुण. दोष याच गुणाच्या पोटात आहे. जिथे बहुतेक मुलांना लस मिळालेलीच नसते, तिथे हा दमवलेला विषाणू एका पोटातून दुसऱ्या पोटात फिरत राहतो. निदान वर्षभर असा फिरला की तो बदलत बदलत पुन्हा पाय लुळे पाडण्याइतका ताकदवान होऊ शकतो. विरजण घरोघर फिरत गेलं की दह्याची चव पालटते ना, तसं काहीसं. याला लसीपासून आलेला पोलिओ म्हणतात आणि तो खरा आहे. २०२० साली जगात अशा पोलिओने हजाराहून जास्त मुलं लुळी पडली, निम्म्याहून जास्त आफ्रिकेत. गेली काही वर्षं नैसर्गिक विषाणूपेक्षा याच्या केसेस जास्त होताहेत. साहेबांनी गूगलवर वाचलं ते हेच.

पण हा विषाणू ताकद कुठे मिळवतो ते बघ. जिथे थेंब पोहोचले नाहीत तिथे. सगळी मुलं पाजलेल्या वस्तीत त्याला पुढचं पोट मिळत नाही आणि तो संपतो. म्हणजे थेंब नाकारणारं प्रत्येक घर त्याच्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवतं. हे वाक्य दारात बोलू नकोस, भांडण होईल. तुझ्या मनाशी ठेव.

आणि एक गोष्ट त्या साहेबांना नक्की माहीत नसणार. पोलिओचे प्रकार तीन. लसीपासून येणारा पोलिओ बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा असतो. नैसर्गिक दुसरा प्रकार तर १९९९ नंतर जगात कुठेच दिसला नाही. शेवटचा दिसला तो आपल्याच देशात, अलीगढला. मग ज्या रोगाचा मूळ विषाणूच उरला नाही त्याची जिवंत लस द्यायची कशाला, असा विचार होऊन एप्रिल २०१६ मध्ये जगभर थेंबांतून दुसरा प्रकार काढून टाकला. आपल्याकडे ती अदलाबदल २५ एप्रिलला झाली. जुन्या बाटल्या मोजून, सह्या घेऊन परत पाठवल्या होत्या. तुझ्या डब्यातल्या बाटलीत आज पहिला आणि तिसरा, असे दोनच प्रकार आहेत. साहेब ज्या विषाणूला घाबरतात, तो बहुतेक तुझ्या बाटलीत नाहीच.

मग दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण कोण देतं? इंजेक्शन. त्यात मेलेला विषाणू असतो, तिन्ही प्रकारांचा. आपल्या सरकारी दवाखान्यात ते नोव्हेंबर २०१५ अखेरीस आलं. सहा आणि चौदा आठवड्यांना दंडावर कातडीत टोचतात, आणि २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसरं. खासगीत तेच एकत्रित लसीत मांडीवर देतात. म्हणजे त्या मुलीला इंजेक्शनं मिळाली ही आनंदाची गोष्ट आहे. दारात पहिलं वाक्य हेच टाक : ‘छान केलंत.’

इंजेक्शनवाली पोर सुरक्षित आहे, मग थेंब कशाला? इंजेक्शन रक्तात पहारा बसवतं. विषाणू मेंदू-मज्जारज्जूकडे निघाला की तिथे अडतो, पाय वाचतात. पण आतड्यात पहारा फार ढिला असतो. तिथे विषाणू येऊन राहू शकतो, वाढू शकतो, संडासातून पुढे जाऊ शकतो, आणि मुलगी मात्र टुणटुणीत. लंडनचं बघ. ब्रिटनने २००४ पासून थेंब बंद करून फक्त इंजेक्शन ठेवलं. २०२२ साली लंडनच्या सांडपाण्यात महिनोन्‌महिने पोलिओचा विषाणू सापडत राहिला. एकही मूल लुळं पडलं नाही, पण विषाणू लोकांच्या पोटांतून फिरत होता. शेवटी एक ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस द्यायची मोहीम काढावी लागली. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेला एक तरुण लुळा पडला. तिथेही फक्त इंजेक्शनच.

आता बाराव्या मजल्यावरून खाली बघ. टॉवरच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत ना, मेट्रोच्या आणि बिल्डरच्या कामावरच्या लोकांच्या? तिथली पोरं दर चार महिन्यांनी गाव बदलतात. कुणाचं कार्ड बिहारला राहिलं, कुणाला जन्मल्यापासून एकच डोस. त्यांच्याच आया बाराव्या मजल्यावर भांडी घासतात आणि कधी कडेवरचं मूल घेऊन लिफ्टने वर येतात. थेंब आतड्यातला पहारा कडक करतात, म्हणजे त्या मुलीकडून विषाणू खाली जाण्याची वाट बंद होते. बाराव्या मजल्यावरचा फ्लशही शेवटी खाडीच्या दिशेनेच जातो, बाई.

धोका अगदी शून्य आहे का? नाही, आणि तसं कधी सांगू नकोस. फार क्वचित, ढोबळमानाने २७ लाख पहिल्या डोसांमागे एखाद्या मुलाला थेंबांमुळेच लुळेपणा येतो. पण आधी इंजेक्शन झालेलं असेल तर तो धोकाही जवळपास उरत नाही. गंमत बघ, ज्या इंजेक्शनच्या जोरावर ते थेंब नाकारत होते, त्याच इंजेक्शनमुळे त्यांच्या मुलीसाठी थेंब सर्वांत निर्धोक आहेत. एक प्रश्न मात्र प्रत्येक दारात विचार : मुलाला प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार आहे का, कॅन्सरचे उपचार चालू आहेत का? हो म्हणाले तर थेंब पाजू नकोस, मेडिकल ऑफिसरना कळव. साधी सर्दी-खोकला आडवा येत नाही. अंगावरचं दूध तर नाहीच नाही. जुलाब होत असतील तरी पाज, फक्त तो डोस नियमित डोसांत धरायचा नाही.

तुझा दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे. पोलिओ गेला, मग जिने का?

पोलिओच्या मोहिमेला जगात १९८८ साली सुरुवात झाली, तेव्हा वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. आपल्याकडे डिसेंबर १९९५ मध्ये पहिला पल्स पोलिओ झाला. त्यानंतरही २००९ साली जगातल्या सोळाशेपैकी ७४१ केसेस एकट्या भारतात होत्या. परदेशी तज्ज्ञ म्हणत, बाकी सगळीकडून जाईल, भारतातून शेवटी जाईल. आणि १३ जानेवारी २०११ ला हावड्यात एक लहान मुलगी सापडली, ती देशातली नैसर्गिक पोलिओची शेवटची केस ठरली. मार्च २०१४ मध्ये प्रमाणपत्र आलं. आमच्या दवाखान्यात पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीचा मायक्रोप्लॅन करायला बसलो.

कारण आम्हाला ताजिकिस्तान आठवत होता. तिथे पोलिओ नव्हता, युरोप विभागाला २००२ सालीच प्रमाणपत्र मिळालं होतं. २०१० मध्ये विषाणू तिथे गेला आणि साडेचारशेहून जास्त लोक लुळे पडले. गेला कुठून? आपल्या उत्तर प्रदेशातून. आपण दुसऱ्याच्या घरी पाठवला होता, उद्या तो आपल्या घरी येऊ शकतो, एवढं सरळ आहे. आफ्रिका २०२० मध्ये नैसर्गिक पोलिओमुक्त जाहीर झाली आणि २०२१ च्या शेवटी मलावीत एक लहान मुलगी लुळी पडली, पाकिस्तानातल्या विषाणूने. समुद्र ओलांडून.

तो उरलाय दोनच देशांत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. २०२१ मध्ये पाकिस्तानात एक केस होती, अफगाणिस्तानात चार. सगळ्यांना वाटलं, संपलं. २०२४ मध्ये पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५. तीन वर्षांत. लस तीच, विषाणू तोच. बिघडलं ते दाराशी. अफगाणिस्तानात घरोघरी जाऊन पाजण्यावर बंदी आली. पाकिस्तानात थेंब पाजणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या जातात, त्यांच्यासोबत पोलीस चालतात. त्यात २०११ साली अमेरिकन गुप्तहेरांनी ओसामाच्या शोधात अबोटाबादला कावीळच्या लसीची खोटी मोहीम चालवली, आणि तेव्हापासून दारावरची प्रत्येक लसवाली लोकांना हेर वाटायला लागली. तुझ्या तोंडावर दार बंद झालं तेव्हा तुला अपमान वाटला, तो खराच आहे. तुझ्यासारख्याच बायका तिकडे जीव मुठीत धरून तेच दार वाजवतात.

गाझाचं तुला मोबाइलवर दिसलं असेल. जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात विषाणू, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांचं बाळ लुळं, पंचवीस वर्षांतलं पहिलं. सप्टेंबरमध्ये भागाभागाने काही तास लढाई थांबवून पहिल्याच फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना थेंब पाजले. त्यासाठी दुसऱ्या प्रकाराचे नवे थेंब वापरले, जे सहज उलटत नाहीत असे बांधलेले आहेत. २०२१ पासून साथ आली की तेच वापरतात. म्हणजे थेंबांमधला दोष शास्त्रज्ञांनी लपवला नाही, त्यावर काम केलं. हेही त्या साहेबांना सांगण्यासारखं आहे, इंजिनीअर असतील तर विशेष.

मेघालयाचं कुणी काढलं तर गोंधळू नकोस. २०२४ मध्ये तिथे एका लहान मुलाला लसीपासून आलेल्या विषाणूने लुळेपणा आला. नैसर्गिक नव्हता, म्हणून देशाचं प्रमाणपत्र गेलं नाही. पण अशी केस सापडते याचा अर्थ तिथे कुणीतरी नजर ठेवून होतं.

ती नजर म्हणजे तू. थेंबांबद्दल एवढं बोलतात, नजरेबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझं स्वतःचं मत विचारशील तर नजर जास्त महत्त्वाची. पोलिओचा विषाणू शिरलेल्या दोनशे मुलांत साधारण एकच लुळं पडतं. बाकीच्यांना काही नाही, फार तर ताप. म्हणजे एक केस दिसते तोवर तो शेकडो पोटांत फिरून आलेला असतो. म्हणून पंधरा वर्षांच्या आतल्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक ढिला पडला, तर कारण काही का असेना, कळवायचं. ‘पडला असेल’, ‘अशक्तपणा असेल’ हे आपण ठरवायचं नाही. चौदा दिवसांच्या आत शीचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतराने, बर्फात प्रयोगशाळेला. बहुतेक वेळा पोलिओ नसतो. नसतो हे दाखवणं हेच काम.

दुसरी नजर गटारावर. आपल्या शेजारी मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने घेऊन पोलिओ शोधतात, देशात हे सुरू झालं तेच मुंबईत. भारताच्या सांडपाण्यात नैसर्गिक विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० चा, तोही मुंबईचाच. कुठेही काही सापडलं की त्या भागात पटापट फेऱ्या लावायच्या, स्टेशनं-नाक्यांवर ट्रान्झिट टीम उभ्या करायच्या, आणि एकही घर सोडायचं नाही. साथ अशीच आवरते, दुसरी युक्ती नाही.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एक मुलगा होता. आई सांगायची, त्याला ताप आला, डॉक्टरने सुई टोचली आणि पाय गेला. चाळीचा त्या डॉक्टरवर कायमचा राग. पुढे नर्सिंगला शिकले तेव्हा कळलं, पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली तर लुळेपणाचा धोका वाढतो. म्हणजे चाळीतल्या बायकांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, कारण मात्र वेगळं होतं. लोकांच्या भीतीत बहुतेक वेळा असा एक खरा कण असतो. तो कबूल न करता बोलायला गेलं की दार बंद होतं. यवतमाळला २०२१ मध्ये बारा मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, ते लोक विसरलेले नाहीत. विसरावंही कशाला? त्यावरून चिडलेल्या आईला मी बाटली तिच्या हातात द्यायचे. लेबल वाचा म्हणायचे. आणि त्यावरचा तो छोटा गोल दाखवायचे, ज्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, गोलाइतका गडद झाला की बाद. आईने स्वतः डोळ्यांनी बघितलं की निम्मा विरोध तिथेच विरघळतो. तूही दाखव. बाटली बर्फातून काढ, पुस, त्यांच्यासमोर धर.

त्या साहेबांना पुढच्या वेळी काय म्हणायचं? फार नाही. ‘साहेब, तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते बहुतेक दुसऱ्या प्रकाराचं आहे, तो या बाटलीत २०१६ पासून नाही. तुमच्या मुलीचं इंजेक्शन झालंय म्हणून थेंब अजूनच सुरक्षित. खात्री नसेल तर तुमच्याच बालरोगतज्ज्ञांना आत्ता फोन करा.’ आणि गप्प उभी राहा. बालरोगतज्ज्ञांची संघटना स्वतःच सांगते की इंजेक्शन झालेल्या मुलांनाही पल्स पोलिओचे थेंब द्या. त्यांचा डॉक्टर तुझं काम करेल. तरी नाही म्हणाले तर वाद नको. नोंद कर, सुपरवायझरला सांग, मेडिकल ऑफिसर फोन करतील. जबरदस्ती करायचा आपल्याला अधिकार नाही आणि नसावा. त्या घरात आजी असेल तर दिवाणखान्यात डोकावून तिला नमस्कार कर. आजीने पोलिओ पाहिलेला असतो.

गेटवरच्या अ‍ॅपचं गाऱ्हाणं तू पत्रात केलं नाहीस, पण मला माहीत आहे. पिझ्झावाला वर जातो, आशा खाली वॉचमनच्या स्टुलावर. त्यावर उपाय दारात नाही. फेरीच्या आठवडाभर आधी आरोग्य केंद्राच्या लेटरहेडवर सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र जाऊ दे आणि बूथ क्लबहाऊसमध्ये मागा, रविवारी सकाळी, पोरं पोहायला जातात तेव्हा. करंगळीला शाई लावून घ्यायला पोरं स्वतः रांगेत येतात.

जायचं की नाही ते तू ठरव. दिवसाचा जो भत्ता हातात टेकवतात तो लिहायला मला लाज वाटते, आणि ‘सेवा’ म्हणून तो झाकायचा मी प्रयत्न करणार नाही. त्यासाठी भांडा, युनियन आहे, मोर्चाला जा. पण त्या एका दारामुळे सोडू नकोस.

एक मात्र विचारते, सवय जात नाही. टॉवरमध्ये दारावर खडू चालत नाही, तेव्हा त्या घराची खूण टॅली शीटवरच केली असशील. एक्स केलंस ना, म्हणजे ‘इथे मूल राहिलं’? की खाली येताना लिफ्टमध्ये पी, म्हणजे ‘सगळी पाजली’, लिहून टाकलंस? पी केलं असेल तर उद्या सकाळी सुपरवायझरला सांग, ओरडतील, ओरडू देत. मी २००३ साली किसननगरच्या एका इमारतीत चौथा मजला न चढताच चारी दारांचं पी मांडलं होतं, पाय सुजले होते म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत गेले. तिसऱ्या दारात आठ महिन्यांचं मूल होतं.